गोळी न झाडता जिंकायचं: 'एस रँक' आणि 'आयर्नमॅन' एवढे अवघड का?

'रेडी ऑर नॉट' हा पोलिसी कारवाईचा गेम १५ जुलै २०२५ रोजी प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवर आला. तोवर कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांपुरती असलेली एक तक्रार मग सगळीकडून ऐकू येऊ लागली. मिशन संपलं, बंदूकधारी सगळे आडवे झाले, ओलीस सुखरूप आहेत, आपला एकही माणूस गेला नाही, आणि तरी निकालाच्या पडद्यावर मधलाच कुठला तरी शेरा. सर्वांत वरचा 'एस' हवा असेल तर आणखी काय करायचं?

खरं तर, जे केलं त्यातलंच बरंचसं करायचं नव्हतं. हा मुद्दा डोक्यात बसला की या गेममधल्या सर्वांत अवघड अचिव्हमेंट्सचं कोडं सुटायला लागतं. ते सोडवायला बोटांच्या चपळाईपेक्षा शाळेतला गुणाकार जास्त उपयोगी पडतो.

## आधी ओळख

गेम व्हॉइड इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा. तो डिसेंबर २०२१ मध्ये अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला आणि १३ डिसेंबर २०२३ रोजी पूर्ण झाला. घटना घडतात लॉस सुएन्योस नावाच्या काल्पनिक अमेरिकी शहरात, ज्याचा चेहरामोहरा सरळसरळ लॉस एंजेलिसचा आहे. तुम्ही पाच जणांच्या स्वॉट पथकाचे प्रमुख. स्वॉट म्हणजे ओलीस धरलेत, कोणी शस्त्र घेऊन घरात दडलाय, अशा प्रसंगी बोलावलं जाणारं खास पोलीस पथक. लॉस एंजेलिस पोलिसांनी असं पथक १९६७ मध्ये उभं केलं आणि पुढे हेच नाव सगळीकडे रूढ झालं.

अचिव्हमेंट म्हणजे गेममधली ठरावीक कामगिरी पार पाडल्यावर तुमच्या खात्यावर कायमची लागणारी नोंद. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत ही पद्धत घरोघरी पोचली. प्लेस्टेशनवर २००८ पासून तिला ट्रॉफी म्हणतात. बहुतेक अचिव्हमेंट्स खेळता खेळता पदरात पडतात. आपण बोलतोय ते उरलेल्या मूठभरांबद्दल. त्यात दोन प्रकार सर्वांत जास्त घाम काढतात: प्रत्येक मिशनमध्ये एस रँक मिळवणं आणि आयर्नमॅन पद्धतीने, म्हणजे एकदाही न मरता, सगळ्या मिशन्सची मोहीम पार करणं. बाहेरून दोन्ही सारखेच अवघड दिसतात, पण त्यांचा अवघडपणा वेगवेगळ्या जातीचा आहे.

## एस रँक नेमका कशाचा?

मिशन पूर्ण करणं हा परीक्षेतला पास होण्यापुरता भाग. एससाठी एकाच वेळी बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात. प्रत्येक नागरिक जिवंत हवा आणि बांधून ताब्यात घेतलेला हवा. (हो, ओलिसालाही बेड्या. कोण खरा ओलीस आणि कोण सोंग घेतोय ते नंतर बघतात.) प्रत्येक संशयित जिवंत पकडलेला हवा. पथकातला कोणी पडता कामा नये. खाली पडलेली शस्त्रं आणि इतर पुरावे गोळा केलेले हवेत, आणि सापडलेल्या प्रत्येक माणसाची खबर रेडिओवरून नियंत्रण केंद्राला दिलेली हवी.

शेवटच्या दोन गोष्टी बावळट वाटतात, पण कित्येक एस त्याच खातात. सोफ्यामागे घरंगळत गेलेलं एक पिस्तूल राहिलं, की पंधरा मिनिटांची निर्दोष कारवाई एका पायरीने खाली. यात गंमत कमी आणि कारकुनी जास्त आहे, हे मीही मान्य करतो. मात्र खऱ्या पथकांचंही काम गोळीबार थांबला की संपत नाही, आणि गेमला तेवढं दाखवायचंच आहे.

खरी मेख संशयिताला जिवंत पकडण्यात आहे. गेम इथे दोन वेगळे प्रश्न विचारतो. पहिला: तुम्ही झाडलेली गोळी नियमात बसत होती का? दुसरा: माणूस जिवंत राहिला का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर गुण कापले जातात. दुसऱ्याचं 'नाही' आलं तर दंड होत नाही, पण एस हातचा जातो. म्हणजे समोरच्याने बंदूक रोखली, तुम्ही अगदी कायदेशीरपणे त्याला मारलं, कोणी बोट दाखवणार नाही. फक्त वरचा शेरा विसरायचा.

पहिला प्रश्न हवेतून आलेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये टेनेसी विरुद्ध गार्नर या खटल्यात सांगितलं, की नुसता पळून जातोय म्हणून पोलीस कोणाला प्राणघातक गोळी घालू शकत नाहीत. त्याच्यापासून गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण लागतं. १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालाने त्यात भर घातली: पोलिसाने वापरलेलं बळ योग्य होतं का, हे त्या जागी, त्या क्षणी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून तोलायचं, घरी बसून, पुढचं सगळं माहीत असताना नव्हे. गेममध्ये पाठ फिरवून पळणाऱ्या निःशस्त्र माणसावर गोळी झाडली की जो दंड बसतो, त्याचं मूळ या विचारात आहे. दुसरा प्रश्न मात्र गेमची स्वतःची भर. तो कायद्यापेक्षा कडक आहे आणि माझ्या मते या गेममधली सर्वांत चांगली कल्पना तीच आहे.

तशी ती अगदी नवीही नाही. इरॅशनल गेम्सच्या २००५ सालच्या 'स्वॉट ४' मध्येही विनाकारण बळ वापरलं की गुण जात, आणि एलिट या सर्वांत वरच्या पातळीवर पुढे सरकायला १०० पैकी ९५ गुण लागत.

## "माझा नेम पक्का आहे, मला काय अडचण?"

हा पहिला आक्षेप, आणि बहुतेक चांगले खेळाडू इथेच अडकतात.

काठोकाठ भरलेला पेला घेऊन चाळीस पायऱ्यांचा जिना चढायचाय असं समजा. प्रत्येक पायरीवर पाणी सांडण्याची शक्यता फक्त २ टक्के. एका पायरीपुरतं हे किरकोळ आहे. पण वरपर्यंत थेंबही न सांडता पोचायचं तर चाळीसही पायऱ्या नीट जायला हव्यात, आणि ०.९८ चा ०.९८ शी चाळीस वेळा गुणाकार केला की उरतात सुमारे ४५ टक्के. निम्म्याहून जास्त वेळा सांडणारच. हीच शक्यता दर पायरीला ५ टक्के असेल तर थेंबही न सांडता पोचण्याची आशा १३ टक्क्यांवर येते. १ टक्का असेल तर ६७ वर जाते.

मिशन हे असंच असतं. प्रत्येक दार, प्रत्येक कोपरा, शरण यायला सांगितलेला प्रत्येक माणूस ही एकेक पायरी. दहा संशयित आहेत आणि प्रत्येकाला जिवंत पकडण्यात तुम्ही ९५ टक्के यशस्वी होता असं धरलं, तर दहाही जिवंत हाती लागण्याची शक्यता ६० टक्के. आणि हा नुसता संशयितांचा हिशेब झाला. नागरिक, सहकारी, पुरावे यांचा यात समावेशच नाही.

आता नेमाकडे बघा. नेम उत्तम असला की समोरचा लवकर मरतो. आपल्याला तो मरायला नको आहे. म्हणजे ज्या कौशल्यावर इतर शूटर गेम्समध्ये सगळी भिस्त असते, ते इथे फक्त वाईट प्रसंगातून जीव वाचवायला उपयोगी. वाईट प्रसंगच येऊ नये यासाठी लागणारं कौशल्य निराळं, आणि ते दाराच्या अलीकडे वापरायचं असतं. पायात गोळी घालून जिवंत पकडू असा विचारही बरेच जण करतात. तोही फसतो, कारण पळत्या माणसाच्या पायाऐवजी पोटात गोळी लागायला वेळ लागत नाही. खरे अमेरिकी पोलीसही याच कारणाने पायावर नेम धरायला शिकत नाहीत.

## सगळं दाराशी ठरतं

दार उघडणं हा या गेममधला सर्वांत धोक्याचा क्षण. आत कोण, किती आणि कुठे हे तुम्हाला ठाऊक नसतं. आतल्याला मात्र तुम्ही कुठून येणार ते नक्की ठाऊक असतं. चौकटीत उभं राहिलात की आतल्या प्रत्येक बंदुकीचा रोख तुमच्यावर. म्हणून एस मिळवणारे खेळाडू दाराआधी खर्च केलेल्या वेळाबद्दल कधी कुरकुर करत नाहीत.

प्रत्येक दाराखालून छोटा आरसा सरकवून आत बघायचं. कोण कुठे उभा आहे, दाराला स्फोटकाची तार लावलीय का, हे उघडण्याआधी कळतं. ज्या दारातून आत्ता जायचं नाही त्याखाली पाचर ठोकायची. पाचर दिसायला क्षुल्लक, पण ती सरळ जिन्याच्या पायऱ्याच कमी करते: पाठीमागचं दार उघडून कोणी येणार नाही, एवढी खात्री तेवढ्याच भागापुरती मिळते आणि चारी दिशांना बघणारं पथक एकाच दिशेला बघू शकतं. नवीन खेळाडू पाचरी जवळ बाळगतच नाहीत. मला वाटतं, एस रँकचा पाठलाग करणाऱ्याने बंदूक कोणती घ्यायची यावर डोकं शिणवण्याआधी पाचरी किती घ्यायच्या ते ठरवावं.

त्यानंतर फ्लॅशबँग, म्हणजे डोळे दिपवणारा आणि कान बधिर करणारा हातबॉम्ब. खऱ्या फ्लॅशबँगचा आवाज १७० डेसिबलच्या घरात जातो. त्याने माणूस मरावा असा हेतू नसतो. काही सेकंद त्याला विचार करता येऊ नये, एवढाच असतो. गेममध्येही तसंच आहे. त्या काही सेकंदांत पथक आत शिरून ओरडलं, "पोलीस! हात वर!", तर माणूस शरण येण्याची शक्यता बरीच वाढते. फेकल्यावर लगेच आत जायचं. फेकून, थांबून, विचार करून मग जाणारा खेळाडू दोन्हीकडून जातो: आतल्याला आपण आल्याचं कळलेलं असतं, आणि तो शुद्धीवरही आलेला असतो.

शरण आला म्हणजे संपलं असंही नाही. या गेममधले काही संशयित हात वर करतात आणि तुम्ही नजर वळवलीत की लपवलेलं हत्यार काढतात. म्हणून हात वर केलेल्या माणसावर एकाने नजर रोखून ठेवायची आणि दुसऱ्याने बेड्या घालायच्या. घाईत दोन्ही कामं एकटा करायला गेलात की मिशन हातातून गेलं म्हणून समजा.

## "मग सगळ्यांना बीनबॅगनेच मारलं तर?"

बीनबॅग म्हणजे छर्ऱ्यांची छोटी पिशवी, शॉटगनमधून झाडायची. लागली की माणूस कळवळतो, पण सहसा मरत नाही. मिरचीपुडीसारख्या तिखट भुकटीच्या गोळ्या मारणारी बंदूक, विजेचा झटका देणारी टेझर, अश्रुधूर हीही त्याच कुळातली हत्यारं. एससाठी हीच घेऊन जावं, हा सल्ला सर्रास मिळतो आणि मोठ्या प्रमाणात खराही आहे.

फक्त त्याची किंमत लक्षात घ्यायला हवी. समोरच्याकडे खरी रायफल आहे. तुमच्या पिशवीने तो कळवळेपर्यंत त्याची बोटं चालू असतात. जाड चिलखत घातलेल्यावर पिशवीचा परिणाम कमी, आणि तोंडावर गॅसमास्क असेल तर मिरची आणि धूर दोन्ही वाया. तुम्ही एक शक्यता कमी करता (तो मरण्याची) आणि दुसरी वाढवता (तुम्ही मरण्याची). म्हणून अनुभवी पथकं सगळ्यांना एकच हत्यार देत नाहीत. आत जाणाऱ्या पहिल्या दोघांकडे बीनबॅग किंवा मिरची, मागच्याकडे खरी रायफल, आणि तिचा चाप अगदीच गळ्याशी आल्यावर ओढायचा. हलक्या घरगुती मिशनमध्ये सगळेच बीनबॅग घेऊन गेले तरी चालतं. प्रशिक्षित, चिलखती टोळीपुढे मात्र ही हौस महाग पडते.

## "हळूहळू खेळलं की झालं"

बहुतेक मिशन्ससाठी हे खरं आहे. काही ठिकाणी मात्र घड्याळ तुमच्या विरुद्ध चालतं. 'एलिफंट' या मिशनमध्ये कॉलेजात शिरलेले हल्लेखोर तुम्ही पोचेपर्यंत थांबत नाहीत. ते नागरिकांना मारत राहतात. इथे प्रत्येक दाराशी आरसा सरकवत बसलात तर नागरिक जातात, आणि त्यांच्यासोबत एसही. धावत सुटलात तर पथक जातं. सावधपणा आणि वेग या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या मुळावर उठतात, म्हणून हे मिशन एवढं कुप्रसिद्ध. त्याचा विषयही अंगावर येणारा आहे. गेम प्रौढांसाठीच आहे. युरोपात त्याला १८ वर्षांवरील असा शिक्का आहे, आणि तो योग्यच आहे.

अशा ठिकाणी आवाजाच्या दिशेने जायचं, वाटेतल्या बंद खोल्या मागे सोडायच्या आणि गोळीबार थांबल्यावर परत येऊन त्या तपासायच्या. खरी पथकंही अशा प्रसंगी घेराव घालून वाट बघत बसत नाहीत.

## आयर्नमॅन: इथे हिशेबच बदलतो

आता दुसरा प्रकार. गेमच्या कमांडर पद्धतीत तुम्ही संगणकाने चालवलेले अधिकारी सांभाळता. त्यातला कोणी मेला तर कायमचा गेला. माणसं मारावी लागली, साथीदार जखमी झाले, की त्यांच्या मनावरचा ताण वाढतो; त्यांना समुपदेशकाकडे पाठवावं लागतं आणि तोवर ते कामावर येत नाहीत. दुर्लक्ष केलंत तर राजीनामाही देतात. आयर्नमॅन ही या पद्धतीतली सर्वांत कठोर निवड: तुम्ही स्वतः मेलात की मोहीम तिथेच संपली, पुन्हा पहिल्यापासून.

इथे एसची गरज नाही. नुसतं जगायचं. मग अवघड काय?

एस रँक प्रत्येक मिशनमध्ये वेगळा मिळवायचा असतो आणि फसलं तर तेच मिशन पुन्हा खेळता येतं. समजा एका मिशनमध्ये एस मिळण्याची शक्यता फक्त २० टक्के आहे. सरासरी पाच प्रयत्नांत तो मिळेल. मूळ गेममध्ये १८ मिशन्स, म्हणजे साधारण ९० प्रयत्न. कंटाळवाणं आहे, पण संपणारं आहे. मिळालेला एस कोणी काढून घेत नाही. हा बेरजेचा हिशेब.

आयर्नमॅनमध्ये मिशन्सचाच एकमेकांशी गुणाकार होतो. प्रत्येक मिशन जिवंत पार करण्याची शक्यता ९० टक्के असलेला खेळाडू म्हणजे खरोखर चांगला खेळाडू. तरी ओळीने १८ पार करण्याची त्याची शक्यता फक्त १५ टक्के. आणि तो पंधराव्या मिशनला मेला तर आधीची चौदा पाण्यात. पण त्याने दर मिशनमागचा धोका निम्मा केला, ९० चे ९५ केले, तर तीच शक्यता ४० टक्क्यांपर्यंत चढते. ९९ केले तर ८३. इथे चमकदार खेळापेक्षा कंटाळवाणा खेळ जिंकतो. दारातून स्वतः पहिलं जाऊ नये, पथकाला पाठवावं, हा सल्ला ऐकायला भ्याडपणाचा वाटतो, पण मोहीम तुमच्या मरणाने संपते, त्यांच्या नाही. अर्थात त्यांना बेफिकिरीने खर्च केलंत तर पुढच्या मिशनला नवखे भरती करावे लागतात, म्हणजे धोका पुन्हा तुमच्याकडेच परततो.

मला आयर्नमॅनबद्दल एक आक्षेप आहे. एसमध्ये तुमची शिस्त तपासली जाते. आयर्नमॅनमध्ये शिस्तीसोबत संगणकाच्या लहरीही तपासल्या जातात. बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेला सहकारी, दारात अडकून राहिला, भिंतीआडून अशक्य कोनातून गोळी लागली, तर तासन्‌तास खेळून झालेली मोहीम संपते. असं क्वचितच होतं, पण अठरा मिशन्स ओळीने खेळताना क्वचितचीही भेट होतेच.

## "म्हणजे सगळं नशिबावर?"

संशयित आणि नागरिक प्रत्येक खेपेला वेगळ्या जागी असतात, त्यामुळे 'तिसऱ्या खोलीत डावीकडे एक' असं पाठांतर चालत नाही. इमारत मात्र बदलत नाही. कुठल्या खोलीला किती दारं, कुठला बोळ कुठे उघडतो, कुठे उभं राहिलं की दोन बाजू एकदम दिसतात, हे पाठ होतं. कशाला पाचर ठोकायची हे आधीच ठाऊक असतं. पहिल्या काही फेऱ्या एसची आशा न धरता निव्वळ इमारत शिकायला वापरल्या तर नंतरच्या प्रत्येक फेरीत दर दारामागचा धोका घटतो. नशीब पूर्ण जात नाही, पण २ टक्क्यांचा १ टक्का होतो, आणि त्याने किती फरक पडतो ते जिन्यावर पाहिलंच.

मित्रांसोबत खेळणं सोपं की बॉटसोबत? गेममध्ये पाच माणसं एकत्र खेळू शकतात. बॉट सांगितलेलं ऐकतात, बीनबॅग दिली तर बीनबॅगच चालवतात, आणि आपल्याच माणसाला दचकून गोळी घालत नाहीत. माणसं परिस्थिती वाचतात, पण पाचांपैकी एकाचं बोट सैल असलं की एस गेला. चार शिस्तीचे मित्र असतील तर तेच बरे. नसतील तर बॉट बरे, असं मी बेधडक सांगतो.

## टक्केवारी बघून घाबरू नका

अचिव्हमेंटच्या शेजारी ती किती टक्के खेळाडूंकडे आहे ते दिसतं. एक्सबॉक्सवर १० टक्क्यांहून कमी जणांकडे असलेली अचिव्हमेंट दुर्मीळ म्हणून वेगळी दाखवतात. मात्र त्या आकड्यात दोन संध्याकाळी खेळून गेम बाजूला ठेवणारेही मोजलेले असतात, आणि एसच्या वाटेला कधीच न गेलेलेही. आकडा लहान आहे याचा अर्थ प्रयत्न करणारे बहुतेक हरतात असा नसतो. बहुतेक जण प्रयत्नच करत नाहीत.

ज्याला दोन्ही हवे आहेत त्याने आधी एसच्या मागे लागावं. तिथे चूक स्वस्त पडते आणि इमारतींची ओळख होते. सुरुवात पेट्रोल पंपाच्या लहान मिशनपासून करावी, 'एलिफंट' शेवटाकडे ठेवावं. आयर्नमॅनची फाईल त्यानंतर उघडावी, आणि ती खेळताना एसचा मोह पूर्ण सोडावा: समोरच्याने बंदूक रोखली तर बीनबॅग नको, रायफल.